कॅमेऱ्याचा उशीर

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



मागच्या आठवड्यात वर्ग सुटल्यावर एक बाई थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, पोरगा कॅमेरा घ्यायचा म्हणतो. लग्नाचे फोटो काढीन, चार पैसे मिळवीन, असं म्हणतो. बचत गटातून कर्ज काढावं लागेल. काढू का?"

मी लगेच उत्तर दिले नाही. आठ दिवस मागून घेतले. कारण हा नुसता कॅमेऱ्याचा प्रश्न नाही. हा कर्जाचा प्रश्न आहे. कॅमेरा चांगला निघाला तर ठीक. नाही निघाला, तर पोरगा मोकळा होतो आणि आई हप्ते फेडीत बसते. आज मी सर्वांसमोर बोलतो आहे, कारण असा मुलगा आता घरोघरी आहे.

मी काही फोटोग्राफर नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण शाळेत असताना गॅदरिंगचे आणि खेळांचे फोटो काढण्याचे काम माझ्याकडे असे. आधी रिळाचा कॅमेरा होता. मग डिजिटल आला. दोन्ही मी हाताळले आहेत.

रिळाच्या कॅमेऱ्यात ३६ फोटोंचे रीळ बसे. ते संपले की धुवायला तालुक्याला न्यावे लागे. डिजिटल कॅमेऱ्यात रीळ नाही. त्याच्या आत एक चौकोनी पट्टी असते. काही कॅमेऱ्यांत ती नखाएवढी, काहींत काडेपेटीएवढी. भिंगातून आलेला उजेड तिच्यावर पडतो. कॅमेरा त्या उजेडाचे आकडे करतो आणि ते आकडे कार्डावर लिहून ठेवतो. आपण त्यालाच फोटो म्हणतो.

असा पहिला कॅमेरा १९७५ साली अमेरिकेत तयार झाला. कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या इंजिनिअरने तो केला. वजन साडेतीन किलोच्या वर. फोटो काळापांढरा. आणि एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत! २३ सेकंदांत आमच्या पहिलीच्या वर्गातला अर्धा वर्ग बाहेर पळून जाई. तेव्हा वाट पाहायला लावण्याची खोड या यंत्राला जन्मापासूनची आहे.

आता २३ सेकंद लागत नाहीत. पण आपण बटण दाबतो तो क्षण आणि फोटो निघतो तो क्षण, यांत थोडे अंतर अजूनही राहते. २००० सालानंतर पाच-सात वर्षे जे खिशात मावणारे कॅमेरे विकले गेले, त्यांत अर्धा सेकंद ते एक सेकंद उशीर लागे. ते कॅमेरे आजही जुन्या बाजारात मिळतात, आणि स्वस्त मिळतात. म्हणून सांगतो.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, अर्ध्या सेकंदाने काय बिघडतं?"

फळ्यावर हिशेब करू. पंढरीच्या वाटेवर चांदोबाचा लिंब येथे रिंगण होते. पुष्कळांनी पाहिले आहे. माउलींचा घोडा धावतो. समजा, तो तासाला ३६ किलोमीटर वेगाने धावतो आहे. ३६ किलोमीटर म्हणजे ३६,००० मीटर. एका तासाचे सेकंद ३,६००. भागून काय आले? सेकंदाला १० मीटर. मग अर्ध्या सेकंदात ५ मीटर. म्हणजे सुमारे १६ फूट. तुम्ही घोडा समोर आला म्हणून बटण दाबले. फोटो निघाला तेव्हा घोडा १६ फूट पुढे गेलेला. फोटोत काय आले? धूळ, आणि नशीब असेल तर शेपूट.

घोड्याच्या फोटोवरून एक गोष्ट आठवली. ती सांगतो, मग पुढे जाऊ. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लेलँड स्टॅनफर्ड नावाचे एक धनिक होते. त्यांच्याकडे पुष्कळ घोडे होते. घोडा भरधाव धावतो तेव्हा त्याचे चारही पाय एकदम जमिनीवरून सुटतात की नाही, असा त्या काळी वाद होता. डोळ्याला ते दिसत नाही. १८७८ साली मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने पालो आल्टो येथे १२ कॅमेरे ओळीने मांडले. प्रत्येक कॅमेऱ्याचा दोरा घोड्याच्या वाटेत आडवा बांधला. घोडा आला, एकेक दोरा ओढला गेला, एकेक फोटो निघाला. चारही पाय सुटतात असे दिसले. पण चित्रकार पाय पुढे-मागे ताणून काढीत, तसे नव्हे. पाय पोटाखाली गोळा होतात तेव्हा सुटतात.

त्याने दोरा का बांधला? माणसाच्या बोटावर भरवसा ठेवता येत नव्हता म्हणून. डोळ्याने पाहिले आणि बोटाने दाबले, यांत माणसाचाच सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. तेव्हा सगळा दोष कॅमेऱ्याच्या माथी मारू नये.

आता हा उशीर होतो कशाने, ते पाहू.

बटण दाबल्यावर कॅमेरा लगेच फोटो काढीत नाही. आधी तो दोन-तीन कामे उरकतो. पहिले आणि सर्वांत मोठे काम फोकसचे. फोकस म्हणजे वस्तू स्पष्ट दिसेल अशा जागी भिंग आणणे. म्हातारी सुईत दोरा ओवताना काय करते? सुई डोळ्यापाशी आणते, लांब नेते, पुन्हा जवळ आणते. नेढे स्पष्ट दिसले की थांबते. साधा कॅमेरा भिंगाचे असेच करतो. पुढे, मागे, पुन्हा पुढे. उजेड भरपूर असला तर लवकर थांबतो. अंधारात चाचपडत बसतो. समोर कोरी भिंत असली तरी चाचपडतो, कारण तिथे धरायला कडाच नाही. मग तो उजेड मोजतो. फ्लॅश लागणार असेल तर त्याची तयारी करतो. आणि सर्वांत शेवटी पापणी उघडतो. त्या पापणीला शटर म्हणतात.

पापणी उघडायला वेळ लागत नाही. वेळ जातो तो आधीच्या कामांत. आजच्या भाषणातले हे वाक्य वहीत लिहून घ्या.

कारण यावरचा उपाय फुकटचा आहे. कॅमेऱ्याचे बटण दोन टप्प्यांत दाबले जाते. अर्धे दाबले की कॅमेरा फोकस करतो, उजेड मोजतो आणि तयार होऊन थांबतो. बहुतेक कॅमेरे तेव्हा पीप असा आवाज करतात, किंवा हिरवी खूण दाखवतात. बोट तसेच धरून ठेवायचे. क्षण आला की उरलेले अर्धे दाबायचे. फोटो तिथल्या तिथे निघतो. मोठ्या कॅमेऱ्यात मग सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढाही वेळ लागत नाही. जुन्या लहान कॅमेऱ्याचा उशीरसुद्धा पुष्कळ कमी होतो.

ज्वारी राखायला माळ्यावर बसणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. पाखरे दिसल्यावर कोणी दगड शोधायला जातो काय? दगड गोफणीत असतो. गोफण फिरत असते. पाखरू उठले की दोरी सोडायची, एवढेच.

मात्र अर्धे दाबल्यावर तुम्ही पुढे-मागे सरकला, किंवा समोरचा माणूस सरकला, तर तो फोकस वाया गेला. बोट उचलून पुन्हा धरावे लागते.

आता लग्नाचे उदाहरण घेऊ. अंतरपाट दूर होतो, ते काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. पण तो केव्हा दूर होणार, हे मांडवातल्या पोरालासुद्धा ठाऊक असते. मंगलाष्टके संपत आली की फोटोग्राफरने आपली जागा धरावी. बटण अर्धे दाबावे. अंतरपाटाच्या कोऱ्या कापडावर फोकस धरू नये. मुंडावळ्यांवर धरावा. मोत्यांच्या कडा ठळक असतात, तिथे कॅमेरा झटकन थांबतो. मग भटजींच्या हाताकडे पाहत राहावे. हात हलला की दाबावे. अक्षता उडालेल्या, वाजंत्री सुरू झालेली, आणि नवरीने वर पाहिलेले, हे सगळे एका फोटोत येते.

आमच्या पलीकडच्या गावी एका लग्नात असे झाले नाही. फोटोग्राफर कोण, ते सांगत नाही. कॅमेरा महागाचा होता. दर वेळी बटण दाबले की आधी एक दिवा चमके, मग फोटो निघे. डोळे फोटोत लाल दिसू नयेत म्हणून तो दिवा असतो. त्याने एक सेकंदभर वेळ खाल्ला जातो. पाठवणीच्या वेळी नवरीच्या आजीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. फोटोत तो हात नाही. फोटोत आजी पाठ फिरवून डोळे पुसते आहे. आजी त्याच पावसाळ्यात गेली. घरचे लोक अजून तो फोटो काढून पाहतात आणि त्यात हात शोधतात. तो दिवा एका बटणाने बंद होतो. माहितीपुस्तकात लिहिलेले असते. आता तुम्हाला वाचता येते, पुस्तक वाचावे.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते, ती दूर करतो. उशिरा निघालेला फोटो वेगळा आणि हललेला फोटो वेगळा. हललेल्या फोटोत माणूस असतो, पण पुसट. पापणी जास्त वेळ उघडी राहिली की तसे होते. कबड्डीच्या खेळात सेकंदाचा ५००वा हिस्सा इतकी थोडी उघडावी. आणि उशिरा निघालेल्या फोटोत सगळे लख्ख असते, फक्त पाहिजे ती गोष्ट नसते. दुकानदार कधी कधी एकाचे औषध दुसऱ्याला देतो.

कबड्डीचे आले म्हणून सांगतो. चढाई करणारा गडी कुठून कुठे जाईल, ते कॅमेऱ्याला कळत नाही. तुम्हाला कळते. तो परत फिरणार ती मधल्या रेषेकडेच. त्या रेषेवर आधी फोकस धरून ठेवावा आणि गडी येईपर्यंत वाट पाहावी. चांगल्या कॅमेऱ्यात पळणाऱ्या माणसावर फोकस सतत लावीत राहण्याची सोय असते, तीही वापरावी. पण जागा ओळखणे हे काम माणसाचेच.

आता खरेदी.

दुकानात गेलात की पहिला आकडा कानावर पडतो तो मेगापिक्सेलचा. एक मेगापिक्सेल म्हणजे १० लाख ठिपके. बाया रांगोळीला ठिपके काढतात, तसे. पोस्टकार्डाएवढा, ४ बाय ६ इंचांचा फोटो उत्तम छापायला दर इंचाला ३०० ठिपके धरतात. म्हणजे १,२०० गुणिले १,८००. सुमारे २२ लाख. शाळेच्या मोठ्या कागदाएवढा, ए-४ मापाचा फोटो छापायला ८७ लाख. एक कोटी ठिपकेसुद्धा झाले नाहीत. मग २४ मेगापिक्सेलच्या ऐवजी ४५चा घ्या, असे कोणी म्हणाला, तर कशासाठी, असे विचारावे. भिंतीएवढे फलक छापायचे आहेत काय? ठिपके वाढल्याने उशीर कमी होत नाही. फोटोचा बोजा मात्र वाढतो.

झूमचेही तसेच. भिंग पुढे-मागे होऊन वस्तू जवळ आणते, तो खरा झूम. दुसरा डिजिटल झूम. तो फोटो कापतो आणि फुगवून दाखवतो. त्याला पैसे मोजू नयेत.

मोठे कॅमेरे आज दोन जातींचे आहेत. एकात आत आरसा असतो, दुसऱ्यात नसतो. कंपन्यांचा ओढा आता बिनआरशाच्या कॅमेऱ्याकडे आहे. त्यामुळे आरशाचे कॅमेरे सेकंडहँड पुष्कळ निघतात. गरिबाने ते घ्यायला हरकत नाही. ते आजही चांगले काम देतात. एकच लक्षात ठेवावे. आरशाच्या कॅमेऱ्यात वरच्या खिडकीला डोळा लावून फोटो काढावा. मागच्या पडद्यावर पाहून काढला, तर अशा जुन्या कॅमेऱ्यात फोकस फार सावकाश होतो. पोरे फोनच्या सवयीने पडद्यावर पाहतात आणि कॅमेरा मंद आहे म्हणून तक्रार करतात.

जुना कॅमेरा म्हणजे जुना बैल. दात पाहूनच घ्यावा. त्याची पापणी आजवर किती वेळा उघडली, तो आकडा बहुतेक मोठ्या कॅमेऱ्यांतून काढता येतो. पुष्कळ कॅमेऱ्यांची पापणी लाखभर फोटो टिकेल असे धरतात. ऐंशी हजार झाले असतील, तर बैल म्हातारा आहे. किंमतही तशीच द्यावी. भिंगात बॅटरी मारून पाहावे. दमट हवेत ठेवलेल्या भिंगात आतून बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. असे भिंग फुकट मिळाले तरी घेऊ नये. या कॅमेऱ्याची नवी बॅटरी आज मिळते का, ते विचारावे. पावती घ्यावी. पावती नसलेला कॅमेरा चोरीचा असू शकतो, आणि पोलीस विकणाऱ्याकडे नाही, तुमच्याकडे येतात.

आणि उशीर? तो दुकानातच मोजून घ्यावा. युक्ती सोपी आहे. एका फोनवर सेकंद मोजण्याचे घड्याळ लावा, ज्याला स्टॉपवॉच म्हणतात. घड्याळ सुरू करा आणि कॅमेरा त्याच्यावर धरा. आकडा बरोबर ५ होईल त्या क्षणी बटण एका दमात पूर्ण दाबा. फोटोत ५.६ दिसले, तर ०.६ सेकंद उशीर. त्यात थोडा तुमच्या बोटाचाही आहे. मग तेच पुन्हा करा, पण या वेळी बटण आधी अर्धे दाबून ठेवा. फोटोत ५.२ आले, तर मधले ०.४ सेकंद फोकसने खाल्ले. असे पाच-सहा वेळा करावे, एका फोटोवर विसंबू नये. दुकानातल्या लख्ख दिव्याखाली केले, तसे एका अंधाऱ्या कोपऱ्यातही करावे. मांडवात दुकानाएवढा उजेड नसतो. हे करू न देणाऱ्या दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडावे.

एक उशीर फोटो निघाल्यानंतरचाही असतो. एक फोटो काढला, आणि दुसरा काढू देत नाही. तेव्हा कार्ड मंद असते, किंवा फ्लॅश भरायचा असतो. फ्लॅशच्या बॅटऱ्या उतरल्या की तो भरायला फार वेळ घेतो. कार्डावर यू अक्षरात ३ हा आकडा असला, तर ते सेकंदाला निदान ३० मेगाबाइट लिहिते. एवढे आपल्याला पुरते.

आता बाईंच्या प्रश्नाकडे येतो. कर्ज काढावे का?

माझे मत असे. आज काढू नये. मुलाने आधी एखाद्या फोटोग्राफरच्या हाताखाली चार लग्ने करावीत. दिवे धरावेत, वायरी गुंडाळाव्यात, आणि संधी मिळेल तेव्हा त्याचा कॅमेरा हाताळावा. अर्धे बटण बोटात बसले की मग सेकंडहँड कॅमेरा पाहावा. दुसरे, हप्ता ठरवताना पंचांग समोर घ्यावे. लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते. आषाढी एकादशी झाली की चातुर्मास लागतो, मुहूर्त थांबतात. पण हप्ता चातुर्मास पाळीत नाही. त्या चार महिन्यांचे पैसे कुठून येणार, हे मुलाने कागदावर लिहून आईला दाखवावे. ते लिहिता आले, तर मी स्वतः गटाच्या बैठकीला येऊन शब्द टाकीन.

ज्यांना धंदा करायचा नाही, त्यांनी कॅमेरा घेऊच नये. घरातल्या बारशाला, वाढदिवसाला फोन पुरे. आजचे पुष्कळ फोन फार हुशार आहेत. कॅमेरा उघडल्यापासून ते गुपचूप फोटो काढीतच असतात, आणि तुम्ही बटण दाबले त्या क्षणाचा तेवढा ठेवतात. म्हणून भर उजेडात उशीर जवळपास जाणवत नाही. रात्री मात्र ते दोन-चार फोटो काढून त्यांचा एक करतात. त्याला एक-दोन सेकंद लागतात. तेवढा वेळ हात हलवू नये, आणि समोरच्यालाही हलू देऊ नये. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवले की फोकस तिथे बसतो. पुष्कळ फोनांत बोट तसेच दाबून धरले, तर तो तिथेच पक्का राहतो. आणि फोनचे भिंग आधी मऊ फडक्याने पुसावे. आपल्या बोटांना तेल असते, हळद असते. निम्मे पुसट फोटो त्यामुळेच येतात.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता शाळेच्या मैदानावर जमावे. मुले सायकली घेऊन येणार आहेत. चुन्याची एक रेघ मारू. सायकलचे पुढचे चाक रेघेवर असताना फोटो निघाला पाहिजे. ज्याच्याकडे स्टॉपवॉच आहे, त्याने तो फोन आणावा. घरून फोन चार्ज करून आणावेत. मैदानात वीज नाही.